गेला साउंडच्या वायरी

चार साउंडवाले एकत्र बसले की स्पीकर आणि ॲम्प्लिफायरच्या गप्पा मारत असतील, असं लोकांना वाटतं. साफ चूक! ते वायरींबद्दल बोलतात. स्पीकर वर्षातून एखाद्या वेळी बिघडतो, वायर प्रत्येक कार्यक्रमाला काहीतरी करून ठेवते. त्यामुळे आमच्याकडे साठलेले किस्से सगळे वायरींचे, प्लगांचे आणि पिनांचे. एक ओढला की त्यात गुंतलेले दुसरे चार बाहेर येतात. त्याला इलाज नाही, ऐका आता.

न्हावऱ्याला आमच्या आप्पांचं साउंड होतं. आप्पा मालक, मी वायरी पसरायला आणि 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणायला, आणि तिसरा भिका. भिका अंगानं धिप्पाड. कर्णे झाडावर चढवायचं काम त्याचं.

हा धंदा घालायला आप्पांनी घरची मेंढरं विकली होती. पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं हिंडलेलं घर. कळप आप्पांच्या वडलांचा, आबांचा. घेतला तो आबांच्याच भाच्यानं, बिरूनं. म्हणजे मेंढरं घरातून गेली, पण नात्यात राहिली. आबा 'नको' म्हणाले नाहीत. फक्त आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला खांद्यावर घोंगडी टाकून यायचे आणि कर्ण्याच्या बरोब्बर खाली बसायचे.

आवाज बंद पडला की सगळ्यांच्या आधी आबा ओरडायचे, "गेलाऽ!"

मग अख्खा मांडव ओरडायचा, "गेला! गेला!" आणि आवाज परत आला की आबा घोंगडी सावरत शांतपणे म्हणायचे, "मेंढरं कवा अशी गप झाली न्हाईत."

आप्पांनी शिरूरच्या पेंटरकडून कर्ण्यांवर स्वतःचं नाव झोकात काढून घेतलं होतं. पण शिरूरपासून दौंडपर्यंत आमचं नाव एकच. गेला साउंड!

आप्पा तसे कशाचंही मनाला लावून घेणारे नव्हते. त्यांना हवं होतं एवढंच, की एक तरी कार्यक्रम आबांच्या देखत सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज न जाता व्हावा. एकदा टेंपोत माल भरताना ते मला म्हणाले, "त्येंनी एकदा तोंड मिटून घरी जावं रं. बास, बाकी काय न्हाई." मी वायर गुंडाळत राहिलो.

*

सुरुवातीला आमच्याकडे प्लग नव्हतेच. वायरीची टोकं सोलायची, सॉकेटच्या भोकात घालायची आणि वरून आगपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, पण तेव्हा सगळेच तसं करायचे.

निमोण्याला एक लग्न होतं. मुहूर्त दुपारचा. मांडव भरलेला, माइकवर मुलीचे मामा आहेर वाचतायत, आणि आवाज गेला. "गेलाऽ!" आबा. "गेला! गेला!" मांडव.

मी बोर्डाकडं पळालो. बघतो तर सॉकेटमधून एक वायर बाहेर लोंबतेय. शेजारी गुरुजी समई पेटवत बसलेले. त्यांची आगपेटी रिकामी झाली होती आणि समोर भिंतीत दोन चांगल्या काड्या दिसल्या.

मी म्हणालो, "गुरुजी, काडी काढलीत तुम्ही?"

गुरुजी रागावले. "अहो, दोन होत्या. एकच घेतली!"

*

काड्या गेल्या, प्लग आले. पण वायर मात्र तीच, दारावरच्या बेलला लावतात तसली बारीक. देवळातून मांडवापर्यंत ती ओढली की निम्मं व्होल्टेज वाटेतच संपायचं. ॲम्प्लिफायर नुसता घुंई घुंई करायचा आणि हॅलोजन पिवळा पडायचा. आप्पांना कोणीतरी सांगितलं, लांब जायचं तर वायर जाड पाहिजे. जाड वायर आणायची कुठून? आप्पांच्या शेजारी तुकामामा राहायचे. त्यांच्या विहिरीच्या मोटरीची चपटी केबल होती, चांगली जाडजूड. भारनियमनाचे दिवस, दिवसा मोटरीला लाईट नसायचीच. आप्पांनी ती एका लग्नापुरती मागून आणली.

काय आवाज लागला त्या दिवशी! आबासुद्धा मान वर करून कर्ण्याकडे बघायला लागले. आप्पांनी मला कोपरानं डिवचलं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि तुकामामा मोटारसायकलवरून मांडवात शिरले. गाडी स्टँडला लावायच्या आधीच ओरडले, "थ्री फेज आली! केबल सोडा!"

नवरीचे वडील हात जोडून आडवे आले. "मामा, दोनच मंगलाष्टकं राहिल्यात."

"माझा पाक कांदा भिजायचा राहिलाय!" तुकामामा म्हणाले आणि वाकून केबल सोडायला लागले.

पुढची दोन मंगलाष्टकं गुरुजींनी तशीच घशातून म्हटली. कर्ण्याखाली काय आवाज झाला ते सांगायला नको. तुकामामा मात्र पाणी देऊन पंगतीला वेळेवर हजर होते.

*

या प्रकारानंतर आप्पांनी स्वतःची केबल घेतली. ती एका मोठ्या लोखंडी रिळावर गुंडाळलेली होती आणि आप्पांना तिचं फार कौतुक. मळू नये म्हणून लागेल तेवढीच सोडायचे, बाकीची रिळावर तशीच.

दौंडला रेल्वे कॉलनीत थंडीतलं लग्न. सकाळची वेळ. नवरदेवाच्या आंघोळीला पाणी तापवायचा मोठा हीटर त्यांच्या माणसांनी न विचारता आमच्याच रिळावर लावला. भिकाला बसायला काही नव्हतं, तो रिळावर बसला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "आप्पा, हितं बुडाला लई झ्याक ऊब येती."

आप्पा म्हणाले, "बस निवांत."

जरा वेळानं भाजल्यासारखा वास आला. भिका दचकून उठला, तर रीळ त्याच्याबरोबर उठलं! वरचे वेढे वितळून त्याच्या पँटीला चिकटले होते. आवाज गेलाच होता, आबांनी तसं जाहीरही केलं.

समोरच्या क्वार्टरमधून डिसोझासाहेब बनियनवर धावत आले. रेल्वेत डब्यांच्या दिव्यांचं काम करून रिटायर झालेले, आवाज इंजिनाच्या शिट्टीचा. "अरे, केबल पूरा खोलो! लोड टाकला की केबल गरम होणारच. मोकळी सोडली तर ती गर्मी हवेत जाते. गुंडाळली तर कहाँ जाएगी?"

भिका म्हणाला, "कुठं गेली ते मला इचारा."

आबांनी घोंगडी खांद्यावर घेतली. "मेंढराला बी ऊब असती. पर ते चिकटत न्हाई."

*

डिसोझासाहेबांशी ओळख झाली ती अशी. मग अडलं की आप्पा दौंड गाठायचे. पण प्रत्येक वेळी आधी स्वतःचं डोकं चालवून, मग दौंड.

एकदा न्हावऱ्याच्या शाळेचं गॅदरिंग होतं. आमच्या एका वायरीच्या टोकाचं सॉकेट फुटलं. आप्पांच्या खिशात एक जादा प्लग होता, त्यांनी तोच त्या टोकाला बसवला. आता वायरीला दोन्हीकडे पिना! एक बाजू भिंतीत, दुसरी बाजू आमच्या बोर्डाच्या भोकात. चाललं की! आप्पा खूश.

कोळीनृत्यात पोरींचा पाय लागला आणि बोर्डाकडची बाजू निसटली. भिकानं ती सवयीनं पिनांकडून उचलली. भिंतीत दुसरं टोक चालू होतं. भिका असा उडाला की थेट पोरींच्या पुठ्ठ्याच्या होडीत जाऊन बसला. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नशीब बलवत्तर, हाताला मुंग्या येण्यावर भागलं.

डिसोझासाहेबांनी ती वायर हातात घेतली आणि आमच्या देखत कात्रीनं मधोमध कापली. "हे भाला आहे, वायर नाय! लक्षात ठेवा. करंट जिकडून येतो तिकडं भोकं. करंट जिकडं जातो तिकडं पिना. समझे?"

भिका म्हणाला, "साहेब, माझ्या हाताला आधीच समजलंय."

मग आप्पांनी मूळ दुखणं सांगितलं. वायर जाड घेतली, पूर्ण सोडली, प्लग सरळ लावला, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागतो आणि निघतो. साहेब आम्हाला स्टेशनवर घेऊन गेले. उभ्या गाडीच्या दोन डब्यांच्या मधे बोट दाखवलं. या डब्यातून त्या डब्यात गेलेली जाड केबल, आणि तिच्या तोंडावर खटका.

"गाडी एवढी हिसके खाते, पण हे निघत नाय. क्यूँ? लॉक आहे! आता सांग, चालत्या गाडीत डब्यातले दिवे गेलेले कधी बघितले?"

"लई येळा," आप्पा म्हणाले.

साहेब फाटकाकडे वळले. मग म्हणाले, "वो बॅटरी का मामला है."

*

आप्पा पुण्याला जाऊन लॉकवाले कनेक्टर घेऊन आले. मोबाईल नुकते दिसायला लागले होते तेव्हाची गोष्ट. निळा गोल कनेक्टर. खोबणीत खुपसायचा, उजवीकडं पिळायचा, टक् असा आवाज आला की बसला. मग कितीही ओढा! काढायचा तर आधी लाईट बंद करायची, खटका मागं ओढायचा आणि उलटा पिळायचा. आप्पांनी शिरूरच्या मेकॅनिककडून ॲम्प्लिफायरला तशीच खोबण बसवून घेतली, बोर्डालाही बसवली आणि मधे अडीच एमएमची, तीन तारांची काळी रबरी केबल. कर्ण्यांच्या, माइकच्या वायरी स्क्रूनं आवळल्या. निसटायला जागाच ठेवली नाही.

अंगणात चाचणी झाली. भिकानं केबल कमरेला बांधून बैलासारखा जोर लावला. ॲम्प्लिफायर ठेवलेला घरातला बाक फरफटत उंबऱ्याबाहेर आला, कनेक्टर जागच्या जागी!

आप्पांनी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "अंगणात समदीच चालत्यात."

*

नव्या कनेक्टरचा पहिला कार्यक्रम म्हणजे गावच्या दूध संस्थेच्या नव्या खोलीचं उद्घाटन. त्या दिवशी आबा नेमके तापानं घरी पडून होते. आप्पांचं नशीबच तसलं.

आता आमच्या गावची एक पद्धत सांगितली पाहिजे. पाहुणा फार वेळ बोलायला लागला की त्याला 'बसा' कोण म्हणणार? म्हणून तुकामामा वायरीजवळ पाय पसरून बसायचे. सरपंचांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला की मामांचा पाय वायरीला 'चुकून' लागायचा. आवाज जायचा. पाहुणा म्हणायचा, "वेळेअभावी इथंच थांबतो." टाळ्या! कुणाचा अपमान नाही, पंगत वेळेवर. आमच्या बदनामीतला निम्मा वाटा या पायाचा होता, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आबांना ते कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी मेंढरांचाच दाखला दिला असता.

तर तालुक्याचे एक भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. दुधावरून सुरुवात करून ते शिवकाळात पोचले. सरपंचांनी चष्मा पुसला. मामांनी पाय मारला. काही नाही. भाऊसाहेब पानिपतावर आले. सरपंचांनी पुन्हा चष्मा पुसला. मामांनी टाच मारली आणि कळवळून अंगठा धरला. पानिपताचं युद्ध लांबलं. सरपंच चष्मा इतका पुसायला लागले की काच निघून मांडीवर पडली. शेवटी मामांनी दोन्ही हातांनी केबल धरून ओढली. टेबल सरकलं, आवाज तसाच खणखणीत!

पंगत बसली तेव्हा भात गारढोण झाला होता.

सरपंच आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, तुमची वायर लई चांगली हाय. पुढच्या टायमाला जुनी आणा."

*

पुढचा टाइम लवकरच आला. गावच्या नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आणि त्यातच गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा सत्कार. सकाळची सभा. सत्काराच्या यादीत आबांचंही नाव. भाऊसाहेबही येणार होते, म्हणून सरपंचांनी आदल्या दिवशी निरोप धाडला. 'जुनीच वायर.'

आप्पा तडक सरपंचांकडे गेले. मी बरोबर होतो.

"सरपंच, आबा माइकवर उभं राहणार हायेत. नवीच लावतो."

"आबा काय दोन शब्दांपरीस जास्त बोलणार हायेत व्हय? भाऊसाहेबांचं काय करू मी?"

"तुमी त्येंना तोंडानं बसा म्हणा. जुनी लावायची आसल तर दुसरा साउंडवाला बघा." गावातला कार्यक्रम सोडायची तयारी आप्पांनी पहिल्यांदाच दाखवली होती. सरपंचांनी हात जोडले, "लावा बाबा नवीच."

सकाळी आप्पांनी स्वतःच्या हातानं कनेक्टर पिळला. टक्. मग पुन्हा हात लावून बघितला. मग मला बघायला लावलं. भाऊसाहेबांना दुसरीकडे जायचं होतं, ते नारळ फोडून लवकर गेले. तुकामामांच्या पायाला काम उरलं नाही.

सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फेटा, दोन शब्द. आबांचं नाव आलं. आबा कर्ण्याखालून उठले, घोंगडी तिथंच ठेवली आणि माइकपुढं येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. उभे राहिले ते राहिलेच. तोंडातून शब्द निघेना.

मागून कोणीतरी सवयीनं ओरडलं, "गेला!"

आप्पा दचकून वळले. त्यांनी ॲम्प्लिफायरकडं बघितलं. लाल दिवा चालू होता.

आबा म्हणाले, "मी काय बोलू? मला माणसांशी बोलाया येत न्हाई." कर्ण्यांतून ते अख्ख्या गावाला स्वच्छ ऐकू गेलं. लोक हसले.

तुकामामा बसल्या जागेवरून ओरडले, "मग मेंढरांशी बोला की, आबा!"

आबांनी क्षणभर विचार केला. मग मान वर केली आणि मेंढरं बोलवायची ती लांबलचक आरोळी दिली. हिर्रर्रऽऽ, ह्योऽ ह्योऽ! किती वर्षांनी दिली असेल कोण जाणे. चारी कर्ण्यांतून ती शिवारभर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांना जोर चढला, त्यांनी पुन्हा दिली.

टाकीच्या पलीकडं ऊस तुटून गेलेलं रान होतं. त्यात बिरूची मेंढरं चरत होती. बिरूनं ती आरोळी उचलली होती आबांकडूनच, त्यामुळे मेंढरांना दुसरी कुठली ठाऊकच नव्हती. आधी धूळ दिसली. मग बिरू दिसला, काठी उंचावून पळताना, "आबा, थांबा! आबा, थांबा!" करत. आणि त्याच्या पुढं सगळा कळप, थेट मांडवात!

खुर्च्या पालथ्या झाल्या. सरपंच स्टेजवर चढले. शाली, नारळ, फेटे सगळं मेंढरांच्या पायात. काळी केबल दहा-पाच मेंढरांच्या पायात अडकली, ती पुढं पळाली आणि टेबल कलंडलं. ॲम्प्लिफायर खाली आला, पण जमिनीवर नाही, दाटीनं उभ्या मेंढरांच्या पाठीवर पडला. तिथून थोडा वाहत गेला आणि घसरून आबांच्या घोंगडीवर जाऊन टेकला. केबल ताणून काठीसारखी सरळ झाली होती. भिका तिच्यावर आडवा पडून मेंढरं सोडवत होता.

मग सगळं थांबलं. मेंढरं आबांच्या भोवती गोळा होऊन उभी राहिली. धूळ खाली बसत होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं की आता एकच शब्द येणार, आणि तो आधी कोण म्हणणार तेही ठाऊक होतं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

आबांनी खाली घोंगडीवर पडलेल्या ॲम्प्लिफायरकडं बघितलं. मग बोटानं माइकवर टिचकी मारली. मग तोंड जवळ नेलं.

चारी कर्ण्यांतून आवाज आला, "न्हाई गेला."